कंबर घेऊन वज्रेश्वरीला

देवाला जाणारी माणसे नवस घेऊन जातात; वज्रेश्वरीला जाणारी पुष्कळशी माणसे कंबर घेऊन जातात. कुणाची धरलेली, कुणाची लचकलेली, तर कुणाची बसले की उठू न देणारी. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या आसपास वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे जवळजवळ वसली आहेत, आणि या टापूत ठिकठिकाणी जमिनीतून ऊन पाण्याचे झरे फुटतात. मुंबईला पाणी देणारे, १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण याच नदीवर, वरच्या अंगाला. वर ही नदी मुंबईकरांच्या बादल्या भरते, आणि त्या बादल्या उचलून दुखावलेल्या कमरा खाली तिच्याच काठी शेकायला येतात!

आम्ही गेलो ते ऐन थंडीत. दादा, वहिनी, आमचे कुटुंब आणि मी. निमित्त वहिनींचे. गव्हाचा डबा ओढताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती. मग लेप झाले, शेक झाला, पट्टा आला. शेजारच्या एका पायाळू गृहस्थांना बोलावून त्यांचा पायही पाठीला लावून झाला. तीन आठवडे वहिनी अंथरुणाला खिळल्या. दुखणे ओसरत आले. पण भीती काही जाईना. दीड वर्षाचा नातू हात वर करून पुढ्यात उभा राही आणि आजी त्याच्याकडे नुसती पाहत बसे. "उचललं आणि पुन्हा भरली तर?" घरातले सगळ्यात मोठे दुखणे ते होते.

डॉक्टरांनी नीट तपासले. धोक्याचे चिन्ह नाही, फोटो काढण्याचीही गरज नाही, म्हणाले, "आता अंथरूण सोडा आणि हिंडा." वहिनींनी हिंडायला वज्रेश्वरी निवडली. देव आणि दवा एकाच तिकिटात!

वसई स्टेशनवरून बसने तीसेक किलोमीटर. कंबरवाल्याने बसच्या मागच्या बाकावर बसू नये. खड्ड्याचा पहिला मान त्या बाकाचा. मधली जागा धरावी आणि गाडी थांबेल तिथे उठून उभे राहावे. एकाच बैठकीत तासन् तास राहिले की स्नायू आखडतात. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात स्वतःचा असा रक्तपुरवठा फारसा नसतो. हालचालीने दाब कमीजास्त होतो, त्यातूनही त्यांचे पोषण होते. म्हणजे आपल्या पाठीला कचेरीतली खुर्ची सोसते, पण तीच खुर्ची दिवसभर सोसत नाही.

वज्रेश्वरीचे देऊळ लांबून किल्ल्यासारखे दिसते. चिमाजी अप्पांनी वसई सर करण्यासाठी देवीला नवस केला होता आणि १७३९ साली वसई पडल्यावर देऊळ उभे राहिले, असे सांगतात. नगारखान्यापासून वर ५२ दगडी पायऱ्या. एका पायरीवर कासव कोरले आहे. वहिनी पायथ्याशी थबकल्या. दादांनी हात पुढे केला. तो न घेता त्या एकेक पायरी चढू लागल्या. कासवाशी टेकल्या, नमस्कार केला आणि पुन्हा चढल्या. वर पोचल्यावर देवीआधी त्यांनी स्वतःच्या कमरेला हात लावून पाहिला. ती जागेवर होती!

तिथून अकलोलीच्या कुंडांवर गेलो. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी कथा आहे. भूगर्भाचे जाणकार म्हणतात की पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. एका कुंडात सुखाने बसता येते, दुसऱ्यात पाय घालवत नाही. ऊन पाण्याने आखडलेला स्नायू सैल पडतो, दुखणे घटकाभर हलके होते. एवढेच, पण तेवढ्या घटकेत माणूस न घाबरता वाकतो, वळतो, हे काही थोडे नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र पाण्याचा ऊनपणा दुसऱ्याकडून तपासून घ्यावा, आणि हृदयविकार असणाऱ्यांनी व गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

बायकांच्या कुंडावरची हकीकत वहिनींनी सांगितली. एक भाजीवाली तिथे पाय शेकत बसली होती. वहिनींचे रडगाणे ऐकून ती हसली. "बाई, वज्याला भिऊ नका, वज्याला जवळ घ्या!" म्हणाली, आणि काठावरची आपली भरली पाटी उचलून दाखवली. गुडघ्यांत वाकली, पाटी पोटाशी धरली आणि पायांच्या जोरावर उठली. वळायचे तेव्हा कमरेतून पीळ न देता पावले वळवली. पोटाशी धरलेल्या ओझ्यापेक्षा हात लांबवून धरलेले तेच ओझे पाठीला कितीतरी जड पडते, हे यंत्रशास्त्र तिने पाटीवर शिकवले.

आता पुस्तकातले थोडे. शंभरांतल्या सुमारे नव्वद कंबरदुख्यांत एखादे ठरावीक बिघडलेले हाड दाखवता येत नाही. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरील अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. बेताबेताने चालणे वाढवणाऱ्यांचे दुखणे मध्यमानाने २०८ दिवसांनी उलटले, तर तसा कार्यक्रम नसलेल्यांचे ११२ दिवसांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस आहे. कमरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. वहिनींचा पट्टा हल्ली माळ्यावर आहे आणि नातू कडेवर.

पण प्रत्येक कंबर कुंडावर नेण्याजोगी नसते. पायातली शक्ती जाऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर देवळाची नव्हे, रुग्णालयाची वाट त्याच दिवशी धरावी. ताप, उतरणारे वजन, रात्री झोपू न देणारे दुखणे, पडल्यावर सुरू झालेली कळ, यांनाही उसण समजू नये. मणक्याचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो, आणि म्हातारपणी ठिसूळ झालेला मणका साध्या धक्क्यानेही मोडतो.

बाकीच्यांनी अवश्य जावे. थंडीत, शक्यतो आडवारी आणि सकाळी लवकर जावे. आधी पायऱ्या चढाव्यात, मग दहापंधरा मिनिटे पाण्यात बसावे, आणि जमले तर नित्यानंदांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेल्या गणेशपुरीपर्यंत पायी फिरून यावे. ऊन पाणी बाटलीत भरून घरी आणणारेही पुष्कळ भेटतात. ते वसईपर्यंत थंड होते. चालण्याची सवय तेवढी तिथून घरी आणावी, ती टिकते.