आडनाव किहीमकर, मुक्काम दिमोना

मुलांनो, समजा उद्या तुमच्या घरची सगळी मंडळी कायमची एका नव्या देशात राहायला निघाली. सामान बांधलं, निरोप घेतले, तिथे जाऊन पोहोचलात. आता सांगा पाहू, राहणार कुठे?

"मोठ्या शहरात!" असं तुम्ही पटकन म्हणाल. पण तिथलं घरभाडं परवडेल का? लांबच्या गावात घर स्वस्त मिळेल, पण आईबाबांना काम मिळेल का? शेजारी ओळखीचं कोणी असेल का? शाळेत तुमची भाषा कोणाला कळेल का? बघा, एका प्रश्नाच्या पोटात किती प्रश्न! आपल्या कोकणातल्या काही माणसांपुढे हेच प्रश्न खरोखर उभे राहिले होते. ती माणसं म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू.

खूप पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी कथा या समाजात पिढ्यानपिढ्या सांगतात. ही मंडळी कोकणातच राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून त्या दिवशी त्यांचा घाणा बंद. त्यावरून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ज्या गावात राहिले, त्याचंच आडनाव लावलं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. पुढे बरेचजण मुंबईला आले. तिथे १७९६ साली त्यांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर बांधलं. बेने इस्रायल मराठीत त्याला 'मशीद'च म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

१९४८ साली इस्रायल हा देश स्थापन झाला. जगभरच्या ज्यूंना तिथे येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदा १९५० साली झाला. तेव्हापासून हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. आता नकाशा उघडा. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर हा चिमुकला देश सापडेल. किनाऱ्यावर तेल अवीव आणि दक्षिणेला नेगेवचं वाळवंट.

किनाऱ्यावर आधीच दाटी झाली होती. देशोदेशीहून माणसं येतच होती. सुरुवातीला अनेकांना तंबूत नाहीतर पत्र्याच्या खोल्यांत राहावं लागलं. म्हणून सरकारनं लांब लांब नवी गावं वसवायला घेतली. कोणतं कुटुंब कुठे जाणार, हे पुष्कळदा अधिकारीच ठरवत. निवड करायला फारसा वावच नव्हता.

अशा नव्या गावांपैकी एक दिमोना. नेगेवमध्ये १९५५ साली ते वसलं. पहिली कुटुंबं मुख्यतः मोरोक्को देशातून आलेली होती. मागाहून बेने इस्रायल आले. जरा विचार करा हं! अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दिमोनाला दोनशे मिलिमीटरही नाही! ना नारळ, ना भातखाचरं. उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी. मुंबईत कचेरीत कारकुनी केलेली माणसं इथे कापडगिरणीत नाहीतर मृत समुद्राकाठच्या क्षारांच्या कारखान्यात काम करू लागली. उजवीकडून डावीकडे लिहायची हिब्रू भाषाही शिकायची होती. मोठ्या माणसांनाही पाटी-पेन्सिल घेऊन पुन्हा पहिलीत बसावं लागलं म्हणा ना!

सगळ्यांना हे जमलं नाही. काही कुटुंबं १९५२ साली भारतात परत आली, आणि त्यातली बरीच पुढे पुन्हा इस्रायलला गेली. काहीजण विमानतळाजवळच्या लोद शहरात राहिले, कारण विमानतळावर काम मिळत होतं. लोदचा इतिहासही जाणून घ्या. १९४८ च्या युद्धात तिथल्या बहुतेक अरब रहिवाशांना घरंदारं सोडून जावं लागलं होतं. त्यानंतर तिथे नवी माणसं राहायला आली. एकाला नवं गाव मिळतं, तेव्हा दुसऱ्या कोणाचं तरी गाव सुटलेलं असू शकतं. समुद्राकाठच्या अश्दोदमध्ये १९६५ साली मोठं बंदर सुरू झालं, तिथेही बेने इस्रायल आहेत. कोकणातल्या माणसाला समुद्र दिसला की बरं वाटणारच, नाही का?

पण घर मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी बेने इस्रायल मंडळींच्या लग्नांवर जादा चौकशीची अट घातली. हे पूर्ण ज्यू आहेत की नाहीत, अशी शंका! मुलांनो, ज्या देशासाठी घरदार सोडलं, तिथेच असं विचारलं तर काय वाटेल? त्यांनी गप्प बसायचं नाकारलं. जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायल इतर ज्यूंच्या बरोबरीचेच आहेत.

आज दिमोना हे तीस हजारांहून अधिक वस्तीचं शहर आहे. तिथे भारतीय मसाले, पोहे मिळणारी दुकानं आहेत. शुभप्रसंगी 'मलिदा' होतो. त्यात गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं. वाळवंटात पोहे, आहे की नाही गंमत! तिथल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही वर्षानुवर्षं चालवलं.

दिमोना त्यांच्यापैकी बहुतेकांनी निवडलं नव्हतं. कामाला माणूस मिळाला, शेजारी आपली भाषा ऐकू आली, सणाला चार घरं एकत्र जमली, तेव्हा कुठे ते त्यांचं गाव झालं. नवं गाव पारखताना घराच्या भाड्याबरोबर या गोष्टीही पाहायच्या असतात बरं का!

आता तुम्हाला एक काम. आपल्या आडनावात एखादं गाव लपलं आहे का ते शोधा. असेल तर ते नकाशात पाहा आणि आजी-आजोबांना विचारा, आपली माणसं तिथून कधी निघाली आणि का? नसेल तर आत्ता राहता त्या गावी तुमच्या घरातलं पहिलं कोण आलं, ते विचारा. आणि तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून एखादा नवा मुलगा किंवा मुलगी आली असेल, तर उद्या मधल्या सुट्टीत त्यांना तुमच्याजवळ डबा खायला बोलवा. त्यांचंही गाव नवंच आहे ना!