पट्टी आधी वाचावी

एलईडीच्या पट्ट्यांच्या दोन जाती आहेत. एका जातीत प्रत्येक दिव्याला किंवा तीन दिव्यांच्या गटाला स्वतःची चिप असते. ती आज्ञा ऐकते आणि आपला रंग वेगळा धरते. बाजारात हिला पिक्सेल पट्टी म्हणतात. दुसरी जात साधी. तिच्यात चिप नाही. जो रंग द्यावा तो सगळी पट्टी एकदम घेते. फॉल्स सीलिंगच्या खाचेत, देव्हाऱ्यामागे, गणपतीच्या मखरात बहुतेक वेळा हीच असते. मुंबईच्या लोहार चाळीतून आणलेला रोल अंधेरीतल्या घरी उघडावा आणि खोक्यावर काही लिहिलेलेच नसावे, हे नेहमीचे आहे. अशा वेळी पट्टी कोणती हे वीज लावण्याआधी ठरवायचे असते. पाच व्होल्टच्या पिक्सेल पट्टीला साधी समजून बारा व्होल्ट दिले, तर चिपा क्षणात जातात आणि त्या परत येत नाहीत.

आधी वायरी मोजाव्यात. दोन असतील तर पट्टी एकरंगी. तीन असतील तर दोन शक्यता: पिवळसर आणि पांढरा असे दोन प्रकाश देणारी साधी पट्टी, किंवा पिक्सेल. चार वायरी म्हणजे बहुधा लाल-हिरवा-निळा. पाच असतील तर त्यात वेगळा पांढरा. पण चार वायरींच्या पिक्सेल पट्ट्याही असतात, म्हणून नुसत्या मोजणीवर विसंबू नये. कापायच्या खुणेजवळची तांब्याची टिकली पाहावी. तिथे १२ व्होल्ट आणि जी, आर, बी अशी अक्षरे असतील तर पट्टी साधी. डीआय, डीओ अशी अक्षरे आणि एकाच दिशेचे बाण असतील तर पिक्सेल. तरी शंका राहिली तर भिंग घ्यावे. साध्या रंगीत दिव्याला सहा पाय असतात आणि आत लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक कण दिसतात. चिप असलेल्या दिव्यात त्यांच्याशेजारी एक काळा ठिपकाही दिसतो.

पट्टीचा सर्वांत बोलका भाग म्हणजे दोन खुणांमधला तुकडा. मीटरला ६० दिवे असलेल्या बारा व्होल्टच्या पट्टीत हा तुकडा पाच सेंटिमीटरचा असतो. त्यात तीन दिवे आणि तीन रेझिस्टर. दिव्याला ५०५० म्हणतात, कारण तो पाच मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद. रेझिस्टरांवर बहुधा एकावर ३३१ आणि दोहोंवर १५१ असे आकडे असतात. शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो, म्हणजे ३३० ओहम आणि १५० ओहम. मोठा रेझिस्टर लाल रंगासाठी. तिन्ही दिव्यांतल्या लाल कणांच्या साखळीचे सहा व्होल्टच्या आसपास भागते. निळ्या आणि हिरव्या साखळीला नऊहून अधिक लागतात. बारातले उरलेले व्होल्ट रेझिस्टर पचवतो. लाल साखळीत उरतात जास्त, म्हणून तिचा रेझिस्टरही मोठा. चोवीस व्होल्टच्या पट्टीत बहुधा सहा दिव्यांनी खूण येते. ती बारावर लावली तर पेटतच नाही किंवा जेमतेम मिणमिणते, आणि चांगली पट्टी बिघडलेली समजून फेकली जाते.

या पाच सेंटिमीटरांत एका नेहमीच्या तक्रारीचे उत्तर आहे. पाच मीटरची पट्टी एका टोकाने जोडली आणि पांढरा रंग लावला, की जवळ पांढरा दिसतो आणि दूरच्या टोकाला गुलाबी-लालसर. पट्टीतले तांबे पातळ असते. वाटेत व्होल्ट गळतात आणि शेवटी बाराचे दहा उरतात. लाल साखळीजवळ शिल्लक भरपूर होती, ती थोडी मंदावते. निळ्या-हिरव्याजवळ मुळात तीन व्होल्टसुद्धा नव्हते, त्या जवळजवळ बसतातच. पट्टी बदलून हा दोष जात नाही. जाड वायरीने दोन्ही टोकांना वीज द्यावी. चारही वायरी, नुसता प्लस नव्हे. लांबी आणखी वाढली तर मध्ये ॲम्प्लिफायर आणि त्याला वेगळा अडॅप्टर द्यावा.

अडॅप्टरचा हिशेब सोपा आहे. ६० दिव्यांची ५०५० पट्टी मीटरला सुमारे १४.४ वॉट खाते. पाच मीटरला ७२ वॉट, म्हणजे बारा व्होल्टवर सहा अँपिअर. त्यावर पाचवा हिस्सा तरी जास्त धरावा. तपासणीसाठी मात्र वायफाय राउटरचा बारा व्होल्टचा जुना अडॅप्टर पुरतो: प्लस पट्टीच्या प्लसला, आणि मायनस एकेका रंगाला टेकवावा. जी लिहिलेल्या टिकलीवर लाल पेटले तर घाबरू नये. छपाई चुकलेली असते, रंग बदलणाऱ्या कंट्रोलरकडच्या वायरी बदलाव्यात.

साध्या रंगीत पट्टीत प्लस सामाईक असतो आणि कंट्रोलर मायनस बाजू उघडतो-मिटतो, सेकंदाला शेकडो वेळा. उघडे राहण्याचा वेळ कमी-जास्त करून प्रकाश कमी-जास्त होतो. डोळ्याला ही उघडझाप दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसते. अंधेरीत हा मुद्दा किरकोळ नाही, कारण मालिकांचे आणि जाहिरातींचे चित्रीकरण इथे रोजचे आहे. स्वस्त रिमोटच्या कंट्रोलरवरची पट्टी चौकटीत आली आणि शटर वेगवान असेल, तर चित्रावर काळे पट्टे सरकतात. तिथे सेकंदाला दहा-वीस हजार वेळा उघडझाप करणारा कंट्रोलर लागतो. हाताने बनवायचा तर ईएसपी३२ बोर्ड आणि प्रत्येक रंगाला स्विचचे काम करणारा एक मॉस्फेट पुरतो; डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर साधी पट्टीही चालवते. मॉस्फेट घेताना अक्षर नीट पाहावे. आयआरएफझेड४४एन हा बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर पुरता उघडत नाही आणि तापतो. नावात एल असलेला आयआरएलझेड४४एन घ्यावा.

अंधेरीत पट्ट्यांची खरी परीक्षा भाद्रपदात होते. आझादनगरचा अंधेरीचा राजा हा गणपती १९६६ पासून बसतो आणि त्याचे विसर्जन अनंत चतुर्दशीला नव्हे, संकष्टीला होते. म्हणजे दिवे दहा नव्हे, पंधराएक दिवस जळतात. त्यात पाऊस आणि वेसाव्याच्या किनाऱ्याकडून येणारी खारी हवा. २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर मखरे कापडाची आणि कागदाची झाली, म्हणून पट्टी त्यांना थेट चिकटवू नये. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवावी, उष्णता तिथे पसरते. गुंडाळलेला रोल तसाच पेटता ठेवू नये. कापलेले टोक सिलिकॉनने बंद करावे, पण व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन टाळावे. ते तांबे खाते. थेट २३० व्होल्टवर चालणारी पट्टी मखरात लावूच नये. तिथे लहान मुलांचे हात पोचतात.

आणि विसर्जनानंतर रोल गुंडाळून ठेवताना त्यावर मार्करने लिहावे: किती व्होल्ट, किती मीटर, रंगांचा खरा क्रम, कोणता अडॅप्टर. पुढच्या वर्षी तो रोल कदाचित दुसराच कोणी उघडणार असतो.