जिन्याशेजारच्या आजी

आमच्या डोंबिवलीच्या चाळीला फाटक होते, खोल्यांना कडीकोयंडे होते; पण खरी राखण करीत त्या जिन्याशेजारच्या आजी. दुपारभर त्या गॅलरीत गहू निवडीत बसत आणि येईल त्याला हटकीत, "कोण आपण? कुणाकडे?" एकदा ताईला पाहायला आलेली मंडळीच त्यांनी जिन्यात रोखून धरली. त्या संध्याकाळी वडील आजींना नको ते बोलले.

हे आठवले ते गेल्या दिवाळीत. माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. ठाण्याच्या एका कंपनीत तो रात्रपाळी करतो.

"रात्रभर करतोस तरी काय रे?"

"राखण, बाई. संगणकांच्या जाळ्याची."

मग त्याने चकलीचे तुकडे मांडून समजावले. पहिली फायरवॉल, म्हणजे वेस. ठरल्या वाटेनेच आत सोडते. पण चोर पोस्टमनच्या वेषात आला तर? म्हणून आत दुसरा पहारेकरी. जुन्या चोरांच्या खुणांची वही त्याच्यापाशी असते. खूण जुळली की कुणी नुसता ओरडतो, कुणी मनगट धरून बाहेर काढतो. नवा चोर मात्र वहीत नसतो. त्यासाठी तिसरा, रोजची वर्दळ पाठ करून बसलेला. काही वेगळे दिसले की कान टवकारतो. इंग्रजी नावेही त्याने सांगितली, पण माझ्यासारख्या मॅट्रिकवालीला तिसऱ्याची ओळख नावावाचूनच पटली.

"मग सगळीकडे मनगट धरणाराच का नाही ठेवीत?"

"आणि त्याने पाहुण्यालाच हाकलले तर? बँकेचा खरा व्यवहार अडला तर?"

बँकेवरून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा विषय निघाला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमला होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन चोरांनी आपली तोतया यंत्रणा उभी केली होती. २८ देशांतून बनावट कार्डे पैसे मागत होती आणि तोतया 'द्या' म्हणत होता. परदेशांतून सुमारे ७८ कोटी गेले, देशातून अडीच कोटी. १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात वळवले. पुण्याच्या सहकारी बँकेचे एवढे खातेदार एकाच दिवशी अठ्ठावीस देशांत हिंडायला निघाले! आमच्या आजींनी ते खासच विचारले असते.

"पण बाई," तो हळूच म्हणाला, "रात्रीत शेकडो इशारे येतात. बहुतेक खोटे. पहाटे डोळे मिटतात आणि हात आपोआप 'बंद' दाबतो. परवा असाच एक न वाचता दाबला. घरी निघालो, गाडी दिव्याला आली नि तो आठवला. तिथेच उतरलो, परत ठाण्याला गेलो."

"काय निघाले?"

"पाहुणाच होता. पण घाम फुटला होता."

मी त्याला आमच्या बंबाची गोष्ट सांगितली. वडील बोलले त्यानंतर आजी गप्प गहू निवडू लागल्या. महिन्याभरात एक इसम भरदुपारी आमचा तांब्याचा बंब खांद्यावर टाकून त्यांच्यासमोरून उतरून गेला. आईने रडकुंडीला येऊन विचारले, "आजी, पाहिलात ना त्याला?"

"पाहिला तर," सुपातला खडा वेचीत त्या म्हणाल्या, "म्हटलं, तुमच्याकडचाच पाहुणा असेल."