पाच खणांचा शब्द

कोणाला कशाचा नाद लागेल, काही सांगता येत नाही. आमच्या शेजारचे एक गृहस्थ हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या जमवतात. माझ्या मेहुण्याला रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ आहे. स्वतः मात्र तो गाव सोडून कधी हलत नाही. मला नाद आहे तो इंग्रजी शब्दांचा. त्यातही अर्थांचा नव्हे, अक्षरांचा. अमुक अमुक अक्षरे ज्यात आहेत असा एखादा लांबलचक शब्द अवचित सापडला, की चिवड्याखाली दडलेला बेसनाचा लाडू हाती लागावा तसा आनंद मला होतो. हल्ली फोनला अक्षरे सांगितली की तो क्षणात शब्दांची यादी पुढे करतो. पण दुसऱ्याने शोधून दिलेल्या लाडवाला ती गोडी नाही.

मी मराठी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. सवड मिळेल तशा कादंबऱ्याही लिहितो. इंग्रजी दहावीपुरते. "तुम्हांला हो कशाला हा उद्योग?" असे आमची मंडळी दर दिवाळीला विचारतात. त्याचे उत्तर अण्णांपाशी होते.

माझे वडील, अण्णा, जुळारी होते. हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा तो जुळारी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली कामे तिथे येत. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे; जुळवता मात्र येई. खिळ्यावर अक्षर उलटे असते, त्यामुळे इंग्रजी अक्षरांची आणि त्यांची ओळख आधी पाठमोरी झाली, मग समोरासमोर.

इंग्रजी खिळ्यांची केस म्हणजे लहानमोठ्या खणांची एक लाकडी पेटी. तीत 'ई'चा खण सर्वांत मोठा आणि हाताशी, कारण इंग्रजीत त्या अक्षराला उसंत म्हणून नाही. क्यू, एक्स, झेड यांचे खण चिमुकले. तारेच्या मोर्स लिपीतही याच न्यायाने 'ई'च्या वाट्याला एकच टिंब आले आहे. अण्णांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या हाताला ते ठाऊक होते.

त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. मी पाचवीत गेलो आणि एके रात्री जेवताना अण्णांनी विचारले, "तुमचे ते इंग्रजी स्वर कोणते रे?"

"ए, ई, आय, ओ, यू."

"मग असा शब्द सांग, की ज्यात पाचही येतात. आणि एकेकदाच."

मला कुठला सुचायला! अण्णा हसून म्हणाले, "शाळेच्या पावतीवर असतो की तो. एज्युकेशन. हा शब्द आला, की माझा हात पाचही खणांत एकेकदा जाऊन येतो."

मी उष्ट्या हातानेच उठलो आणि वहीत लिहून पाहिले. नऊ अक्षरे, पाच स्वर, एकेकदाच! शिक्षणाने ज्यांना चौथीतच निरोप दिला होता, त्यांनी शिक्षणाच्या इंग्रजी नावातले हे गुपित नुसत्या हाताने हुडकून काढले होते.

तेव्हापासून आम्हां दोघांचा खेळ सुरू झाला. वाचनालयातला जाडजूड कोश मी चाळायचा आणि सापडलेले रात्री अण्णांना सांगायचे. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये नऊ अक्षरे आणि स्वर अवघा एक! रांगेला म्हणतात तो 'क्यू' तर फारच गमतीचा. मराठीत एका अक्षरात आटपतो, इंग्रजीत त्याला पाच अक्षरे लागतात. पुढचे एक बोलते आणि मागची चार मुकाट्याने रांगेत उभी! पाचही स्वर ओळीने येणारे दोन शब्द मला मिळाले. एक 'फॅसीशियस', म्हणजे थट्टेखोर; दुसरा 'ॲबस्टीमियस', म्हणजे मिताहारी. हा दुसरा दिवाळीत सापडला, तेव्हा आई म्हणाली, "असला शब्द घरात काढू नकोस. अजून डबाभर शंकरपाळे संपायचे आहेत."

अण्णांनी मात्र पुढचे कोडे घातले. "सुलटे सापडले. आता उलट्या क्रमाने येतील असा शोध. खिळा उलटा असतो ना, तसा शब्दही कुठेतरी असणारच."

तो काही सापडेना.

1992 साली मी सातवीत होतो. इंग्रजीच्या सरांनी वर्गाला सर्वांत लांब शब्द विचारला. मी उभा राहिलो आणि 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' एका दमात म्हणून दाखवला. एकोणतीस अक्षरे, आणि त्यात त्या सर्वसंचारी 'ई'चा पत्ता नाही! सर थक्क झाले. "हा नाद कोणी लावला तुला?"

"वडिलांनी."

"काय करतात वडील?"

शेजारच्या बाकावर डॉक्टरांचा मुलगा होता. अण्णांची रॉकेलने धुऊनही काळी राहणारी बोटे माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हणालो, "आमचा छापखाना आहे, सर."

त्या लांबलचक शब्दाची अक्षरे मी मोजली होती, अर्थ पाहिला नव्हता. तो पुढे कधीतरी पाहिला. एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणे, हा त्याचा अर्थ. त्यात 'आय' हे अक्षर नऊ वेळा येते. इंग्रजीत 'आय' म्हणजे मी.

1998 साली आमच्या छापखान्याला कुलूप लागले. ऑफसेटपुढे त्याचा टिकाव लागला नाही. खिळे शिशाच्या भावाने वजनावर गेले. अण्णा घरी बसले. मी शाळेत लागलो, लिहू लागलो. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाने 1939 साली 'गॅड्सबी' नावाची पन्नास हजारांवर शब्दांची कादंबरी 'ई'विना लिहिली, हे मी अण्णांना सांगितले. त्या गृहस्थाच्या स्वतःच्या नावात मात्र तीन 'ई' आहेत! अण्णा जरा विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे जुळाऱ्याचा मोठा खण भरलेलाच राहिला असेल."

2011 साली शाळेच्या प्रदर्शनासाठी मी भारतीय उपखंडाचा नकाशा रंगवत होतो. भूगोलाच्या सरांना इंग्रजी मथळाही हवा होता. तो त्यांनी कागदावर लिहून दिला होता. मी कुंचल्याने एकेक अक्षर काढीत चाललो आणि मध्येच हात थांबला. 'सबकाँटिनेंटल'. आधी यू, मग ओ, आय, ई आणि शेवटी ए. पाचही स्वर, एकेकदाच, नेमके उलटे!

रंग तसाच टाकून मी घर गाठले. अण्णा ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नसे. मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला.

"म्हणजे आपल्याच मुलखाचा निघाला की!" ते म्हणाले.

त्या आनंदाच्या भरात इतकी वर्षे घशाशी अडकलेली गोष्ट बाहेर पडली. सातवीत बोललेले खोटे मी त्यांना सांगून टाकले.

"ठाऊक आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुझे सर प्रश्नपत्रिका छापायला घेऊन आले होते. मला मालक म्हणाले."

"मग?"

"मग काय! म्हटलं, मालक आत बसलेत. मी जुळारी. पण मुलगा माझाच."

"एकोणीस वर्षं बोलला नाहीत?"

अण्णांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. "किती अक्षरं म्हणालास?"

"चौदा."

"पुन्हा सांग. सावकाश."

मी एकेक अक्षर सांगू लागलो. पट्टी धरावी तसा त्यांचा डावा हात पोटाशी आला होता, आणि उजवा हात प्रत्येक अक्षराला हवेतल्या एकेका खणात जाऊन परत येत होता.