ओढणाऱ्या गाडीचे घसरणे

घसरणे या क्रियापदाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात. घसरण्यातही काही कौशल्य असू शकते, हे आपल्या भाषेने कधी मनावर घेतलेले दिसत नाही. त्यामुळे गेल्या मे महिन्यात पुतण्याने, "काका, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ड्रिफ्ट करता येते का?" असे विचारले, तेव्हा प्रथम मी प्रतिशब्दच शोधत राहिलो. तो मिळाला नाही. गाडी मुद्दाम घसरवायची, तिची पाठ वळणाच्या बाहेर झुकू द्यायची आणि ताबा न सोडता तिरक्या चालीने वळण पार करायचे, असा हा खेळ. तो जपानच्या घाटरस्त्यांवर वाढला आणि केइची त्सुचिया या चालकाने त्याला जगभर नाव मिळवून दिले. त्सुचियाची ती प्रसिद्ध छोटी टोयोटा मात्र मागच्या चाकांवर चालणारी होती, आणि पुतण्याच्या प्रश्नाचे मर्म नेमके तिथेच आहे.

आमच्या तालुक्याला मागच्या चाकांचे घसरणे नवे नाही. काळी नदीवर सुप्याचे धरण उभे राहत होते, तेव्हा मी शाळकरी होतो. पुढे मूळ सुपे गाव जलाशयाखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि गणेशगुडीला १०१ मीटर उंचीची भिंत उरली. त्या कामावरच्या जीपगाड्या पावसाळ्यात तांबड्या चिखलातून शेपूट हलवीत जात. चालकाने वळणावर जोर दिला की मागची चाके गरगरत, पाठ बाहेर जाई, आणि तो सुकाणू उलट फिरवून तिला सावरून घेई. आम्हा मुलांना ती करामत वाटे. वस्तुतः मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीचा तो स्वभावच होता. अँबॅसॅडर आणि पद्मिनी याच कुळातल्या.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ढकलणारी गाडी जाऊन ओढणारी गाडी सामान्य घराच्या अंगणात उभी राहिली. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. बैल पुढे असले की गाडी त्यांच्या मागे सरळ येते. ओढणाऱ्या मोटारीत यंत्राचे ओझे पुढे, ओढण्याचे काम पुढे, वळवण्याचे काम पुढे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढेच. टायरची पकड ही ठरलेल्या पगारासारखी असते. ओढण्यात जास्त खर्च झाली तर वळण्यासाठी कमी उरते. म्हणून अशी गाडी वळणावर जोराने दामटली, तर पाठ बाहेर जात नाही, तोंडच बाहेर जाते. सुकाणू फिरवलेले असते आणि गाडी सरळ दरीकडे चाललेली असते. जपानी पद्धतीने केवळ जोर देऊन ती तिरकी धरून ठेवता येत नाही, हे पुतण्याला दिलेले अर्धे उत्तर.

उरलेले अर्धे अधिक रंजक आहे. स्वीडनचा एरिक कार्लसन साब ९६ ही ओढणारी गाडी घेऊन रॅलीत उतरत असे. तिचे यंत्र ८४१ घन सेंटिमीटरचे आणि तीन सिलिंडरचे, म्हणजे आपल्या मारुतीच्या ७९६ पेक्षा जेमतेम मोठे. तेवढ्या भांडवलावर त्याने १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटनची आर.ए.सी. रॅली जिंकली आणि १९६२ व १९६३ मध्ये माँटे कार्लोही. (गाडी वारंवार उलटवल्यामुळे त्याला 'छतावरचा कार्लसन' म्हणत, हेही सांगितले पाहिजे.) या चालकांची युक्ती अशी की उजवा पाय जोर देत असतानाच डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबायचा. वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, आणि ओढणाऱ्या गाडीचीही पाठ फिरते. वळणाच्या ऐन मध्यात जोर एकदम सोडला तरी तेच घडते. हातब्रेक ओढला तर मागची चाके जागीच थांबतात आणि गाडी फिरते. तेव्हा घसरवता येते, हे खरे. परंतु ते घसरणे उधारीवरचे असते. आधी मिळवलेला वेग संपला की तेही संपते, आणि पुन्हा जोर दिला की पुढची चाके गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांची गाडी जोरावर घसरत राहते, पुढच्या चाकांची जोराने सावरते.

पहिल्या पावसानंतर एका ओळखीच्या रिकाम्या शेतात पुतण्याने याची परीक्षा घेतली. हातब्रेकने गाडी अर्धे वर्तुळ फिरली, चिखल उडाला, तो आनंदला. शेताला दरी नसते, म्हणून मीही आनंदलो.

माझी काळजी वेगळी होती. दर पंधरवड्याला तो आईला तपासणीसाठी कारवारला नेतो, अणशीचा घाट उतरून. त्या रस्त्यावर रानाची सावली इतकी दाट की पावसाळ्यात डांबरावर शेवाळ धरते, वर बांबूचा पाला कुजतो. मागच्या जुलैत आमच्या परिचयातले एक कुटुंब तिथून परतत होते. उतरते वळण, समोरून बस, चालकाने दचकून पाय उचलला. गाडीची पाठ फिरली, तोंड आल्या दिशेला झाले आणि ती झाडाला टेकून थांबली. सगळे खरचटण्यावर निभावले. नंतर गाडी पाहिली तर पुढचे दोन्ही टायर कोरे करकरीत, मागचे दोन गुळगुळीत. कार्लसनने जे कष्टाने साधले, ते या गाडीने न मागता करून दाखवले होते.

आणि यात त्या गृहस्थांचे काही विशेष चुकले असे नाही. सगळेच तसे करतात. ओढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात, एका वेळी दोनच घेण्याची ऐपत असते, तेव्हा नवे पुढे बसवायचे हा हिशेब अगदी शहाणपणाचा वाटतो. परंतु ओल्या रस्त्यावर झिजलेला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्याची पकड आधी सुटते. पुढची सुटली तर सुकाणू हातात सैल लागते, काहीतरी बिनसल्याचे तळव्यांना कळते, आणि पाय हळूच उचलून वेग कमी करायला बहुधा अवसर मिळतो. मागची सुटली तर हातांना काहीच कळत नाही. जे कळते ते गाडी आडवी झाल्यावर. तेव्हा घाबरून ब्रेक दाबणे सर्वांत वाईट. जायचे आहे तिकडे सुकाणू धरून हलका जोर द्यावा, म्हणजे पुढची चाके ओढून काढतात; मात्र त्या क्षणी हे आठवणारा माणूस विरळा. नव्या गाड्यांत घसरण ओळखून एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा असते. पुतण्याची गाडी जुनी आहे.

जूनमध्ये त्याने दोन टायर घेतले. दुकानातल्या मिस्त्रीने सवयीने पुढच्या चाकांचे नट सैल करायला घेतले. नवे मागे आणि मागचे पुढे बसवा, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता पुतण्याकडे पाहिले. अर्धा तास वाद झाला. शेवटी, पैसे तुमचे, असे म्हणून त्याने तसे बसवले.

पहिल्या खेपेनंतर पुतण्या म्हणाला, "काका, ओल्यात गाडी वळायला जरा कुरकुरते आता. सावकाश न्यावी लागते." आईला गाडीत झोप लागली होती, असेही त्याने सांगितले.