बुडी

समुद्राचा आणि आम्हा वऱ्हाडी माणसांचा संबंध फार तर मिठाच्या बरणीपुरता. अगदीच ताणायचे म्हटले तर आठवडी बाजारात पोत्यावर पसरलेल्या सुक्या बोंबलांपुरता. नाही म्हणायला आमच्या अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आहे; पण ते नाव इमादशाहीतल्या दर्या इमादशहावरून पडले असे सांगतात. गंमत अशी की त्या भागातले पाणी मात्र खारे! पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. शेकडो गावांच्या विहिरींना पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. माझी म्हातारी आत्या सांगे की फार वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. तो रुसून निघून गेला आणि जाताना मीठ तेवढे विसरला. जाड गाळाचे थर आणि पाण्याचा निचरा न होणे ही कारणे भूगोलाच्या तासाला मी इमानाने शिकवतो. मनात मात्र आत्याचा रुसलेला समुद्रच ठाण मांडून बसला आहे.

अशा मुलखात पाण्याशी दोस्ती कशी व्हायची? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. तेव्हा आमच्या अंगात कस नाही असे कोणी म्हणू नये. पण खेड्यातल्या आईला मुलगा नदीकडे गेला एवढे कळले की तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपते. पूर्वी निदान गोड्या पाण्याच्या गावांतून थोरला भाऊ धाकट्याच्या पाठीला कडू भोपळ्यांची सांगड बांधी आणि विहिरीत ढकलून देई. चार दिवस नाकातोंडात पाणी गेले की पाचव्या दिवशी पोरगा सूर मारू लागे. आता त्या विहिरींत पंप आहेत, पोरांच्या हातांत मोबाईल आहेत, आणि सांगड हा शब्द मला वर्गात समजावून सांगावा लागतो.

आमच्या शाळेची सहल मालवणला न्यायची ठरली तेव्हा संमतिपत्रके भरून आली. नववीतल्या एका मुलाच्या पत्रकावर वडिलांनी सहीखाली आणखी एक ओळ लिहिली होती : ‘पाण्यात उतरवू नये.’ दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. “सर, किल्ला दाखवा, देव दाखवा. पण माह्या पोराले पाण्यात नोका उतरवू. आमच्या घराले पाणी मानवत नाई.”

त्यांचा धाकटा भाऊ पूर्णेच्या डोहात बुडाला होता. श्रावणातला गढूळ लोंढा. गावाने दोराला गळ बांधून तीन दिवस डोह खरवडला. चौथ्या दिवशी नदीनेच दोन कोस खाली त्याला परत केले. त्या तीन दिवसांत गळाला काही लागले की काठावरचा प्रत्येक माणूस मान फिरवीत असे, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलावर होती. मी त्यांना शब्द दिला.

मालवणला पोचल्यावर मुलांनी आधी किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, हे त्यांना पाठ होते. त्या तटाच्या पायथ्याशी पाण्याखालीही एक वस्ती आहे हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. आमच्या मेळघाटात वाघ राखतात, तसे येथे प्रवाळ राखायचे. फरक एवढाच, की वाघासाठी माणूस झाडावर चढून बसतो आणि प्रवाळासाठी त्याला खाली जावे लागते.

खाली जाण्याची ती विद्या फार जुनी नाही. श्वासागणिक हवी तेवढीच हवा देणारे यंत्र कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ साली सिद्ध केले. आज मालवणच्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरातला पंचविशीचा पोरगा ती टाकी दप्तरासारखी पाठीला लावतो. जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुड्यांची शाळा आहे. शिकवणे हाच माझा धंदा असल्यामुळे मी त्या पोराचे शिकवणे बारकाईने पाहिले, आणि खरे सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. त्याचे धडे थोडे होते, पण एकही वाया जाणारा नव्हता. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. दर दहा मीटरला वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून कान दुखण्याच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालायची. वर येताना घाई करायची नाही. जोडीदाराला सोडायचे नाही. आणि खाली कशालाही हात लावायचा नाही. “वायच धीर धरा, गुरुजीनू,” तो मला म्हणाला, “पाणी काय खाणा नाय.”

आमचे चित्रकलेचे शिक्षक माझ्या आधी उतरले. खालचे रंग पाहून ते इतके हरखले की ‘वा!’ म्हणण्यासाठी त्यांनी अंगठा वर केला. पाणबुड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. त्यांना तत्काळ वर आणण्यात आले, आणि सहल संपेपर्यंत मुले त्यांना अंगठा दाखवीत होती.

मी पाच-सहा मीटरच गेलो असेन. माझ्या मनगटावरचा लाल गंडा तेथे मळकट दिसू लागला, कारण पाणी सर्वांत आधी तांबडा रंग खाऊन टाकते. स्वतःचा श्वास इतका स्पष्ट मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. समोर मला दगड वाटला तो दगड नव्हता. राईच्या दाण्याएवढ्या असंख्य जिवांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेला तो वाडा होता. वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर, एवढीच त्याची वाढ. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि तेच त्यांना अन्न पुरवते. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की हे बिऱ्हाड मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की असा पांढरेपणा जगभर एकदम पसरण्याची ही चौथी खेप आहे. ताप वेळेत उतरला तर प्रवाळ सावरते, नाही तर मरते.

होडीवर आल्यावर त्या पोराने मोकळेपणाने सांगितले की त्याच्या आजाचा अभयारण्याला कडवा विरोध होता. गावातल्या बहुतेकांचा होता. सरकार समुद्राला कुंपण घालणार आणि आमची जाळी बंद करणार, ही भीती. ती पुरती गेली आहे असेही नाही. मलाही तिच्यात गैर काही दिसत नाही. वाघासाठी गाव उठवणे म्हणजे काय, ते मेळघाटच्या माणसाने पाहिले आहे. पण हा नातू सकाळी जाळे टाकतो, दुपारी पाहुण्यांना बुडी घडवतो आणि प्रवाळात अडकलेले तुटके जाळे दिसले की कापून वर आणतो. टाकून दिलेले जाळे कोणाचेच नसते, तरी मासे मारीतच राहते. आजाला समुद्र वरून ठाऊक होता, याला तो खालूनही दिसतो, एवढे अंतर त्या दोघांत पडले आहे. सगळेच असे वागतात असे मात्र नव्हे. फोटोत मासे यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव कुस्करतात, आणि नांगर तर कोठेही पडतो. सुटीच्या दिवसांतली ती जत्रा मला मुळीच आवडली नाही.

या सगळ्या वेळात आमचा तो नववीतला मुलगा होडीत बसून सगळ्यांच्या चपला आणि चष्मे सांभाळीत होता. अखेर त्याने मला विचारले, “सर, नुसतं तोंड बुडवलं तर उतरलो असं होते का?”

मी मराठी शिकवतो. ‘उतरवू नये’ या क्रियापदाचा मी नीट विचार केला आणि होत नाही असे सांगितले. त्या कोळ्याच्या पोराने त्याच्या डोळ्यांना काच बांधली आणि कंबर घट्ट धरली. मुलाने होडीच्या काठावरून वाकून तोंड पाण्यात घातले. श्वासासाठी वर येई, पुन्हा वाके. असे कितीतरी वेळा झाले. शेवटी काच काढून तो एवढेच म्हणाला, “सर, खाली दिसते.”

परतीच्या प्रवासात त्याने नकाशा मागितला. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला, म्हणजे मालवणच्याच अरबी समुद्राला. अकोल्याची मोर्णा आणि अमरावतीची पेढी पूर्णेतूनच तिकडे जातात. आमच्याच जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीचे पाणी मात्र वर्धेतून पुढे गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. दोन समुद्रांना पाणी पाठवणारा आमचा जिल्हा! पाण्याबरोबर आम्ही काय काय पाठवतो ते मोर्णेच्या पुलावरून दिसते. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर ती साफ करायला उतरले होते. पुढे जलकुंभी पुन्हा माजली. पण त्या दिवशी जे चिखलात उतरले त्यांतले कित्येक अजूनही पुलावरून जाताना वाकून पाहतात.

पाणबुडे आमच्याकडेही आहेत. अकोला जिल्ह्यातल्या पिंजरला संत गाडगेबाबांच्या नावाचे शोध व बचाव पथक आहे. हातात खराटा घेऊन फिरलेल्या बाबांनी १९५६ साली वलगावजवळ, पेढी नदीपाशीच देह ठेवला. पथकातली तरुण मंडळी धरणांत, नद्यांत, खदानींत उतरून बुडालेल्यांना काढतात आणि पुरात लोकांना वाचवतात. मालवणला काचेतून मासे दिसतात. येथे गढूळ पाण्यात हातच डोळे. आणि वर येताना हाताशी जे असते त्याची काठावर कोणीतरी आई वाट पाहत असते.

अशाच एका पाणबुड्याचे प्रात्यक्षिक पाहायला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. रिकामे डबे दोराने बांधून तराफा कसा करायचा ते त्याने दाखवले. त्या मुलाचे वडील सायकलीवर आले होते आणि गर्दीच्या मागे उभे होते. सगळे पांगल्यावर ते पुढे झाले. “तुमालेही तीन दिवस लागले असते का?”

“पानी पाहून सांगा लागते, काका,” तो म्हणाला. “पण गळ टाकला नसता.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सायकल वळवताना मला म्हणाले, “सर, ते सांगडीचे भोपळे कडूच लागतात ना?”

पावसाळ्यात त्यांनी घराच्या कुडाला वेल लावला. शाळेकडे येताना मला तो रोज दिसतो. छपरावर दोन भोपळे धरले आहेत. अजून हिरवे आहेत.