प्रवाळांच्या उपवनांत

अंदमानांत सेल्युलर तुरुंगाचें दर्शन घेऊन आम्ही स्वराज द्वीपास गेलों. २०१८ पूर्वीं यासच हॅवलॉक म्हणत. तेथें पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, शिक्षकाचा हात धरून आम्ही समुद्रांत उतरलों. पहिला नियम असा कीं, श्वास क्षणभरहि रोखूं नये. वर येतांना कोंडलेली हवा फुगून फुप्फुस फाटण्याचें भय असतें. कुंभकाची संवय असणारांनीं हें विशेष ध्यानीं धरावें!

खालीं प्रवाळांचें उपवन पसरलें होतें. नवरत्नांतील पोवळ्याचे हे भाऊबंद म्हणजे वस्तुतः इवल्या प्राण्यांच्या वसाहती होत. त्यांच्या देहांत वसणारें शैवाल त्यांस अन्न पुरवितें. समुद्र तापला कीं हा ऋणानुबंध तुटतो व प्रवाळ पांढरे पडतात. २०१० व २०१६ सालीं अंदमानांत असेंच घडलें. हवा सरतां आम्हांस वर येतां आलें. प्रवाळांनीं कोठें जावें?